शेऱ्याचा रकाना

आबांचा खरा जन्म कधीचा, हे त्यांच्या आईलाही नेमकं सांगता आलं नसतं. लावणी चालू होती आणि सुईण चिखलाच्या पायांनी आली, एवढंच ती सांगे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून ठोकून दिला. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचे वाढदिवस मास्तरांनीच केलेले आहेत, त्यात नवल नाही. पण आबा पुढे एस.टी.त लागले, आणि एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली तीही 1 जूनलाच, 1948 साली, हे कळल्यावर ती खोटी तारीख त्यांना अगदी खरी वाटायला लागली. लग्नाची तारीख विचारली की ते माईंकडे बघत. ही मात्र तोंडपाठ.

कंडक्टर म्हणून लागलेले आबा 34 वर्षांनी कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. कोकणातल्या स्टँडवर कंट्रोलर असणं म्हणजे काय, ते पावसाळ्यात कोकणात उतरलेल्यालाच कळेल. घाटात दरड, पुलावर पाणी, आणि खिडकीपुढे शंभर माणसं एकच प्रश्न विचारणारी. त्यात गणपती. मुंबईहून हजारो जादा गाड्या कोकणात उतरतात. त्या आठवड्यात रजा मागणाऱ्याकडे डेपोत लोक संशयानं बघतात. सगळ्या चाकरमान्यांना आपापल्या गणपतीपुढे पोचवून आबा घरी येत, तेव्हा बहुधा गौरीसुद्धा गेलेल्या असत. माई दोनदा वाफवलेला मोदक पुढे ठेवून सांगायला बसत. यंदा कोण आलं, कोण रुसलं, आरतीला कोणाचा सूर कुठे गेला. दुसऱ्या वाक्याला आबा घोरत.

निवृत्तीनंतर संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत ते कायमचे राहायला आले आणि आठवड्याच्या आत स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक लागलं. बंब पेटवणे 5.30. चहा 6.05. नाश्ता 7.40. नातवाची, म्हणजे बाबूची, अंघोळ 8.15. खाली सही आणि तारीख. माईंनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी त्याच खिळ्याला कालनिर्णय टांगून मोकळ्या झाल्या.

वेळापत्रक गेलं तरी नोंदवही होती. तालुक्याहून आणलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची, लांबलचक. आबांनी स्वतः पट्टी लावून रकाने आखले होते: कोण, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, शेरा. पडवीतल्या बाकावर बसून ते दूधवाला, पेपर, पोस्टमन, वस्तीची गाडी, सगळ्यांच्या वेळा टिपत. वस्तीची गाडी उशिरा आली की त्यांना अपमान झाल्यासारखं व्हायचं. शेजारी म्हणून मला विचाराल तर त्या बाकावरून जाताना मीही चालण्याचा वेग वाढवत असे, उगाच आपलं नाव वहीत नको.

एकदा सूनबाईच्या हाती ती वही लागली. ती तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कामाला आहे. संध्याकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरते आणि चालत घरी येते. वहीत लिहिलं होतं: ‘सूनबाई, 6.40. 25 मि. लेट. कारण कळले नाही.’ तिनं वही होती तिथे ठेवली. रात्री वाढताना मात्र सहज म्हणावं तसं म्हणाली, “आबा, ती 25 मिनिटं फाट्यावर मासेवालीशी घासाघीस करत होते. तुम्हाला बांगडे आवडतात म्हणून.”

आबांनी पानातला बांगडा संपवला. दुसरा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्या ओळीतलं ‘कारण कळले नाही’ खोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘बांगडे’.

यावरून माणूस सुधारला असं कोणी समजू नये. कातडी बदलायला सापाला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा माणसाला बराच जास्त लागतो. निवृत्तीनंतरचा पहिला गणपती आला, घर पाहुण्यांनी भरलं, आणि प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी सकाळी आबा नाहीसे. मुलगा शोधायला निघाला तर ते स्टँडवर सापडले. जादा गाड्यांची गर्दी होती, म्हटलं काही मदत लागली तर. खिडकीत नवा कंट्रोलर होता, पोरगेलासा. त्यानं आबांना ओळखलं, आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि पुन्हा कामाला लागला. आबा खुर्चीत बसून राहिले. त्यांनी कोणाला काही सांगायची गरजच पडली नाही. गाड्या येत होत्या, सुटत होत्या. मुलानं गाडीवरून त्यांना घरी आणलं. वाटेत दोघंही बोलले नाहीत.

त्यानंतरचे काही महिने वही कोरीच होती.

पुढच्या जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता, रात्री वारं फार होतं. सकाळी माई झाडू घेऊन पडवीत आल्या तर कोपऱ्यात सरपणाच्या आडोशाला एक पक्षी बसलेला. मुठीत मावेल न मावेल एवढा. शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, डोळ्यांवरून काळी जाड रेघ, पोट पिवळसर आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. चोच किंचित उघडी आणि छाती लकलकत होती. बाबू दूध-पोळी आणायला धावला. माईंनी त्याला तिथेच थांबवलं.

“त्याला काही नको आत्ता. दमलाय. उजेड नको आणि माणूस नको.”

वेताची टोपली उपडी घातली, वर जुनं लुगडं टाकलं. आबा म्हणाले, “कोण आहे हा?”

“नवरंग. दर वर्षी येतो. पहिल्या पावसाच्या मागेपुढे. लांबून येतो म्हणतात, एखादा असा वाऱ्यात सापडून घरात शिरतो.”

“दर वर्षी? या घरात?”

“तुम्ही स्टँडवर असायचात,” माई म्हणाल्या आणि झाडू मारायला लागल्या.

दिवसभर आबा टोपलीपासून हलले नाहीत. कोणी मोठ्यानं बोललं की बोट ओठांवर. मांजराला त्यांनी स्वतः मागच्या दारी कोंडलं. संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर टोपली उचलून ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटाशी नेली आणि तिरकी केली. नवरंग बाहेर आला, दोन उड्या मारल्या, पाचोळ्यात जरा उकरलं, आणि गेला. गेला म्हणजे लांब कुठे नाही, तिथेच बेटात. दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याकडून दोन सुरांची शीळ आली, एक चढा, एक उतरता. आबांनी घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी. संध्याकाळी पुन्हा तीच शीळ, दिवेलागणीला. तमिळनाडूत या पक्ष्याला सहाची चिमणी अशा अर्थाचं नाव आहे, कारण तो सकाळ-संध्याकाळ त्याच सुमाराला ओरडतो. हे आबांना मुलानं सांगितलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आबा म्हणाले, “बघ. पाखराला कळतं.” आणि वही काढली.

पण तिथे त्यांची पंचाईत झाली. येण्याची वेळ काय लिहायची? तो रात्री कधीतरी वाऱ्याबरोबर आला होता, झाडू मारेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. सुटण्याची वेळ तर त्यालाच माहीत नसेल. दोन्ही रकाने मोकळे सोडून त्यांनी शेऱ्यात लिहायला घेतलं. तो रकाना बोटभर रुंद; तिथे आजवर ‘लेट’, ‘पंक्चर’, ‘दरड’ एवढंच मावत आलं होतं. नवरंगाचे रंग लिहिता लिहिता अक्षरं समासात गेली, मग पुढच्या ओळीत.

तेव्हापासून वहीला नवं काम मिळालं. आजवर माई चुलीशी बसून, न्हाणीघराच्या दारातून, वेलीला आधार देता देता जे वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या ते आबा पहिल्यांदा बघायला लागले. काजव्यांनी भरलेला ऐनाचा वृक्ष त्यांनी साठी आली तेव्हा पाहिला, आणि तो घराच्या मागच्या बाजूला होता. वहीत माणसंही होती, पण त्यांच्या ओळी आता निराळ्या होत्या. ‘सूनबाई. भिजून आली. छत्री उलटी झाली म्हणून स्वतःच हसत होती.’ ‘बाबूचा पुढचा दात पडला. कौलावर टाकला. पहिल्यांदा नेम चुकला.’ मला त्यांनी वही वाचायला दिली तेव्हा मी माझं नाव शोधलं. होतं. ‘शेजारी. नमस्कार न करता भरभर गेले. बहुधा घाई.’

त्या वर्षी हरताळकेच्या आदल्या दिवशी माई कोयती कमरेला खोचून निघाल्या तेव्हा आबा मागोमाग निघाले. गणपतीवरच्या माटवीला जे जे बांधायचं ते रानातूनच येतं, आणि आबा त्या घरचे कर्ते असून त्यांना आंब्याच्या टाळांपलीकडे त्यातलं एक नाव धड ठाऊक नव्हतं. माई पुढे, हे मागे. पायाखाली लाल चिखल, दोन्हीकडे तेरडा फुललेला. माई बांधावर थांबल्या. झुडपावर पांढरं पान दिसत होतं आणि त्याच्यापाशी इवलीशी नारिंगी चांदणी. शेरवड. ते पांढरं पान म्हणजे पान नव्हेच, फुलाचाच वाढलेला भाग; फूल एवढंसं असतं, तेव्हा फुलपाखरांना लांबून बोलवायला कोणीतरी हवं. पुढे ओढ्याच्या वरच्या अंगाला वेलीवर लोंबणारी लालभडक कवंडळं. दिसायला अशी की तोंडाला पाणी सुटावं, चवीला कडू जहर. आबांनी चाखून पाहिलं, माईंनी अडवलं नाही. मग माई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कांगण्यांचा घोस हातातून पडला.

“तुला हे सगळं कुठे कुठे आहे ते कसं माहीत?” चूळ भरत आबांनी विचारलं.

“म्हणजे? तुम्ही नव्हतात म्हणून माटवी काय रिकामी राहायची?”

बोलण्यात ठसका नव्हता, ती नुसती माहिती होती. पण आबा ओढ्याच्या दगडावर जरा वेळ बसले. मग उठून कवंडळांची मोळी त्यांनी खांद्यावर घेतली. ती सबंध वाट त्यांनी बायकोच्या मागून चालत काढली, तीही न बोलता. आबांच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ.

आश्विनात खळ्यावर चतुरांचे थवे घिरट्या घालायला लागले. बाबू दोऱ्याचा फास घेऊन त्यांच्या मागे. मुलानं त्याला बोलावून सांगितलं की यातले काही, पिवळसर रंगाचे, इथून समुद्रावरून आफ्रिकेत जातात. पंखांची जाडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी आणि खाली नुसतं पाणी. आबांनी कान टवकारले.

“मध्ये थांबा?”

“मालदीव.”

“हं,” आबा म्हणाले. असा मार्ग त्यांना मान्य दिसला. बाबूनं फास टाकून दिला आणि चतुरांना हात हलवून निरोप द्यायला लागला. त्या दिवशी वहीत एवढंच होतं: ‘मालदीवमार्गे.’

मार्गशीर्षात थंडी पडली नाही. मोहोराची वाट बघत सगळं गाव आंब्याखाली माना वर करून उभं. आबांनी सवयीनं ‘मोहोर, लेट’ लिहिलं, जरा थांबले, मग विचारायला माईंकडे गेले. माई म्हणाल्या थंडी आली की येईल, त्याला काय तुमचा मेमो लागतो? पौषात थंडी आली आणि मोहोर आला.

वेळासला जायची कल्पना सूनबाईची. मार्चात दोन दिवस सुट्टी जुळत होती. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं. ज्यांनी मराठी राज्याचे हिशेब पै-पैपर्यंत ठेवले, त्यांच्या गावात आता अशा पाहुण्यांची वाट बघतात ज्यांना हिशेब ठाऊक नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत हात-दीड हात खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, पुन्हा झाकतात आणि समुद्रात निघून जातात. पूर्वी ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून त्यांची राखण सुरू केली. अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात, पिल्लं निघायच्या सुमाराला वर टोपली घालतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात.

आबांनी कुंपणापाशी उभ्या असलेल्या कासवमित्राला गाठलं. “किती दिवस लागतात?”

“पंचेचाळीस ते साठ. वाळू तापली तर लवकर.”

“पंधरा दिवसांचा फरक? अहो, पंधरा मिनिटांसाठी आम्ही माणसं धारेवर धरलीत.” मग जरा गप्प राहून, “आज निघतील?”

“ते आम्हाला टोपली उचलल्यावरच कळतं.”

माईंना वेगळीच काळजी होती. “आणि आई? ती परत बघायलासुद्धा येत नाही?” कासवमित्रानं नाही म्हणून मान हलवली. माईंनी किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीकडे बघितलं. पुण्या-मुंबईची माणसं, खांद्यावर पोरं, गळ्यात कॅमेरे. “बरं झालं मग आपण आलो,” त्या म्हणाल्या. “बाळंतपणाला कोणीतरी हवं.”

संध्याकाळी टोपली उचलली. खाली वाळू.

गर्दीतून नाराजीचा सूर निघाला. कोणी म्हणालं, सात तास गाडी चालवत आलो. कोणी कासवमित्रालाच बोलायला लागलं, जणू त्यानंच पिल्लं दाबून धरली होती. आबांनी हा सूर वर्षानुवर्षं खिडकीच्या आतून ऐकला होता. तो कानावर पडताच त्यांची मान ताठ झाली, आणि स्टँडवरचा तो आवाज, जो घरात कोणाला सोसत नसे, वेळासच्या किनाऱ्यावर घुमला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!”

माणसं दचकली, मग हसली. आबांनी त्यांना सांगितलं की गाडी रद्द नाही, वाटेत आहे. उद्या सकाळी पुन्हा फलाटावर यावे. लहान मुलांनी पुढे बसावे, उंच माणसांनी मागे उभे राहावे, आणि ज्यांना चहा हवा त्यांनी आत्ताच हात वर करावा म्हणजे त्या घरी निरोप देता येईल. तीस-चाळीस हात वर झाले. सूनबाईनं कपाळावर हात मारला, पण हसू तिलाही आवरत नव्हतं. ज्या घरी उतरले होते तिथे रात्री जेवणावर आबा सगळ्यात जास्त बोलले, आणि ते घाटातल्या दरडीची गोष्ट सांगत असताना बाबू त्यांच्या मांडीवर झोपून गेला.

सकाळी सगळे अंधारातच किनाऱ्यावर. लहान मुलं पुढे, उंच मागे, अगदी काल सांगितल्याप्रमाणे. कासवमित्र टोपलीपाशी वाकला आणि त्याच क्षणी बाबूनं आबांचा सदरा ओढला.

“आबा, पोटात कळ येतेय.”

“आत्ता?”

“आत्ता!”

रात्री सोलकढीच्या तीन वाट्या झाल्या होत्या. मुलगा-सून पार पुढे मोबाईल धरून बसलेले, त्यांना हाक मारायला वेळ नव्हता. आबांनी टोपलीकडे एकदा बघितलं, नातवाला उचललं आणि सुरूच्या बनातून घराकडे पळत सुटले. साठीच्या माणसानं वाळूतून पळणं काही सोपं नाही. पाठीमागे लोकांचा मोठा ओरडा उठला, मग एकदम सगळे चूप. आबा थांबले नाहीत. बाबूची मान मात्र त्यांच्या खांद्यावरून मागे वळलेली होती.

परत आले तेव्हा ऊन किनाऱ्यावर उतरलं होतं आणि गर्दी पांगत होती. वाळूत बारीक वल्ही मारल्यासारख्या खुणा, थेट पाण्यापर्यंत. बाबूचा ओठ थरथरायला लागला. सूनबाई धावत आली. “आबा, अहो कुठे गेला होतात? नऊ पिल्लं निघाली! पण व्हिडिओ आहे, सगळा आहे, दाखवते.” आणि ती मोबाईल पुसायला लागली.

“तो बाबूला दाखव,” आबा म्हणाले.

माई पाण्याजवळ बसल्या होत्या, लुगड्याचा काठ ओला, डोळे समुद्राकडे. आबा धापा टाकत त्यांच्या शेजारी वाळूत बसले.

“गेली?”

“गेली. एक मात्र सारखं उलटं फिरत होतं, आपल्याच बाबूसारखं. मग काय झालं माहितीये...”

“थांब,” आबा म्हणाले, “चहा सांगून येतो. मग टोपली उचलली तिथपासून सांग.”

“त्याच्या आधीपासून सांगते,” माई म्हणाल्या. “आणि माझ्यात साखर कमी सांगा.”